पिंजऱ्यातील लेकरू

साक्ष देणाऱ्याने न्यायालयात जेथे उभे राहावयाचे त्या जागेस इंग्रजीने पेटी म्हटले. आपण तिला पिंजरा म्हणतो. आरोपीचाही पिंजरा आणि साक्षीदाराचाही पिंजरा! ज्याच्यावर खुनाचा आळ आहे तो एका पिंजऱ्यात आणि ज्याने तो खून दुर्दैवाने पाहिला तो दुसऱ्या पिंजऱ्यात, ही कल्पना ज्या कोणा अनामिकाने प्रथम बोलून दाखविली त्याने कचेरीच्या पायऱ्या पुष्कळ झिजविल्या असल्या पाहिजेत. प्रौढ मनुष्य त्या पिंजऱ्यात शिरतो, कपाळावरचा घाम पुसतो, चार उलटसुलट प्रश्नांना तोंड देतो आणि बाहेर येऊन चहाच्या गाड्यावर त्याच प्रसंगाची फुशारकी मारतो. परंतु ज्याची हनुवटी कठड्यापर्यंत पोहोचत नाही अशा सात-आठ वर्षांच्या पोरास आपण त्यात उभे करतो, तेव्हा तो शब्द केवळ बोलीतला अलंकार राहत नाही. लेकरू खरोखरीच पिंजऱ्यात असते.

कोणत्याही तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या न्यायालयात एक दिवस जाऊन बसावे. समन्स मिळालेले मूल सकाळी आईच्या किंवा आजीच्या पदरास धरून येते. त्याची शाळा बुडालेली असते, आईची मजुरी बुडालेली असते. व्हरांड्यात एकच बाक, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकास आरोपीचे भाऊबंद. ते काही बोलत नाहीत. बोलण्याची गरज नसते. नुसते पाहतात. दुपारी पुकारा होतो, तो कशाकरिता? तर बचाव पक्षाचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत, सबब पुढील तारीख. मूल घरी जाते. महिन्याने पुन्हा येते. पुन्हा तोच बाक, पुन्हा त्याच नजरा. अखेर जेव्हा साक्ष होते तेव्हा घटनेस वर्ष-दोन वर्षे उलटलेली असतात, आणि विद्वान वकीलसाहेब गळ्यातील पांढरा बँड सावरीत गरजतात, “त्या दिवशी किती वाजले होते, नक्की सांग!” ज्या वयात घड्याळ वाचता येत नाही त्या वयातल्या प्रसंगाची वेळ ते मूल सांगू शकले नाही, की साक्षीत विसंगती!

या सर्व प्रकारास कोणी न्यायदानाची अपरिहार्य रीत म्हणू लागला, तर त्यास आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की ही रीत नव्हे, हा कायदेभंग आहे. आणि तो कायद्याच्या मंदिरातच राजरोस चालतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्यास सर्वजण पॉक्सो म्हणतात, तो २०१२ साली संसदेने संमत केला आणि त्याच वर्षाच्या १४ नोव्हेंबरपासून, म्हणजे बालदिनाच्या मुहूर्तावर, तो अमलात आला. त्यात काय लिहिले आहे हे एकदा वाचून तरी पाहावे. बालकाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी किंवा त्यास आवडेल त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो फौजदाराहून कमी दर्जाची नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, आणि तो घेताना गणवेश अंगावर नसावा, असे चोविसावे कलम सांगते. रात्री कोणत्याही कारणास्तव बालकास पोलीस ठाण्यात अडकवून ठेवू नये, हेही तेथेच आहे. तेहेतिसावे कलम तर याहून पुढे जाते. सरकारी असो वा आरोपीचा, कोणत्याही वकिलाने बालकास थेट प्रश्न विचारावयाचा नाही. प्रश्न न्यायाधीशांस सांगावयाचा आणि न्यायाधीशांनी तो बालकास विचारावयाचा. दरडावणारे प्रश्न, चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे प्रश्न होऊ द्यावयाचे नाहीत. मध्ये मध्ये विश्रांती द्यावयाची. बालकास पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलवावयाचे नाही. पस्तिसाव्या कलमान्वये न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावयाची, आणि उशीर झाला तर त्याची कारणे लिहून ठेवावयाची. छत्तिसाव्या कलमान्वये साक्ष चालू असता आरोपी बालकाच्या दृष्टीस पडू द्यावयाचा नाही; मात्र आरोपीस साक्ष ऐकता आली पाहिजे आणि आपल्या वकिलाशी बोलता आले पाहिजे. यासाठी दूरचित्र यंत्रणा वापरावी, एकतर्फी दिसणारी काच वापरावी, नाहीतर पडदा लावावा, असेही कायद्यानेच सांगून ठेवले आहे.

पडदा! वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा. कोट्यवधींची इमारत नव्हे, परदेशी यंत्र नव्हे, साधा कापडाचा पडदा. आपल्या गावातील कोणतेही नाट्यमंडळ गणेशोत्सवात तासाभरात उभारते तो. असे असता जेथे कोठे सबब सांगितली जाते ती ‘जागा नाही, निधी नाही, प्रस्ताव वर पाठविला आहे’ अशीच असते. कापडाच्या दुकानातून पाच वार जाड कापड आणि दोन खुंट्या आणण्यास कोणत्या खात्याची मंजुरी लागते, हे आम्हांस कोणी समजावून सांगेल काय?

बालकाच्या शब्दावर आपल्या न्यायव्यवस्थेचा विश्वास नाही, असेही म्हणता येत नाही. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातील ११८व्या कलमाने वयाची कोणतीही अट घातली नव्हती. प्रश्न समजतो आणि त्यास सुसंगत उत्तर देता येते, एवढे पुरे होते. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४पासून नव्या साक्ष अधिनियमाने घेतली. तेथे हेच तत्त्व १२४व्या कलमात जसेच्या तसे उतरले आहे. १९५१च्या डिसेंबरात राजस्थानातून आलेल्या एका अपिलात आठ वर्षांच्या मुलीच्या साक्षीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. तिला शपथेचे पावित्र्य कळत नाही म्हणून खालच्या न्यायालयाने तिला शपथ दिली नव्हती, म्हणून साक्षच बाद, असा वाद घातला गेला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषवून दिल्लीस गेलेल्या न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तो फेटाळला. शपथ दिली नाही एवढ्याने साक्ष बाद होत नाही. मात्र मुलास खरे बोलण्याचे कर्तव्य समजते असे न्यायाधीशास का वाटले, हे त्याने लिहून ठेवावे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय आहे. पुढे १९६९च्या शपथ कायद्याने बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हीच सवलत स्पष्ट शब्दांत दिली. २००१ साली कर्नाटकातील एका खुनाच्या खटल्यात घटनेच्या वेळी सुमारे चार वर्षांची असलेली मुलगी एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शब्दावर आरोपीची शिक्षा कायम केली.

म्हणजे चार वर्षांच्या मुलीच्या शब्दावर माणसास जन्माची शिक्षा होऊ शकते, इतके त्या शब्दाचे मोल आपण मानतो. आणि तो शब्द तिच्या तोंडून काढावयाची आपली पद्धत मात्र विहिरीतून गाळ उपसावा तशी! ज्या दुधावर घर चालावयाचे ते दूध काढताना गाईस कोणी काठीने बडवीत नाही. एवढी अक्कल गवळ्यास असते.

सर्वोच्च न्यायालय या बाबतीत झोपले होते, असा आरोप आम्ही करणार नाही. २००३ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात त्या न्यायालयाने दूरचित्र यंत्रणेद्वारे साक्ष घेण्यास मान्यता दिली. तेथे अमेरिकेत बसलेल्या एका डॉक्टराची साक्ष मुंबईच्या न्यायालयात हवी होती. अमेरिकेतील डॉक्टर सात समुद्रांपलीकडून पडद्यावर दिसला तरी तो ‘हजर’ समजला जातो. मग खानापूरच्या एखाद्या मुलीने शेजारच्या खोलीतून साक्ष दिली तर आकाश कोसळते काय? पुढच्याच वर्षी, मे २००४मध्ये, ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना त्याच न्यायालयाने पडद्याची व्यवस्था, उलटतपासणीचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे देणे आणि पुरेशी विश्रांती, या तीन गोष्टी सांगितल्या. २०१२च्या कायद्याने त्याच पुन्हा सांगितल्या. २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेतही तशी पुरवणी जोडण्यात आली. ऑक्टोबर २०१७मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात दुर्बल साक्षीदारांसाठी निदान दोन स्वतंत्र साक्ष-केंद्रे तीन महिन्यांत उभारावीत, असा आदेश झाला. ११ जानेवारी २०२२ रोजी आणखी एक आदेश झाला: प्रत्येक जिल्ह्यात निदान एक कायमचे केंद्र असावे, आणि या कामावर देखरेख करण्यासाठी माजी मुख्य न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी.

२००४, २०१२, २०१३, २०१७, २०२२. पहिला आदेश पाळला गेला असता तर दुसऱ्याची आवश्यकता पडली असती काय? दिल्लीत कडकडडूमा येथे २०१२ सालीच असे केंद्र उभे राहिले. साक्ष देणाऱ्या मुलास आरोपीच्या वाटेस न जाता आत येण्याचा निराळा मार्ग, थांबण्यास निराळी खोली आणि न्यायालयाशी पडद्यावरून जोडणी, अशी ही व्यवस्था असते. देशाच्या राजधानीत जे साधते ते राजधानीपासून दूर असलेल्या जिल्ह्यात साधावयास दशक का लागावे, हा प्रश्न सीमाभागातील मनुष्यास नवा नाही.

आता एका अशा मुलाकडे वळू ज्याची आठवण या सर्व कायद्यांस उशिरा झाली. पॉक्सो कायद्याचे छत्र ज्या बालकावर अत्याचार झाला त्याच्यावर आहे. परंतु ज्या मुलाने स्वयंपाकघराच्या दाराआडून बापाच्या हातून आईचा जीव जाताना पाहिला, त्याचे काय? त्याच्यावर कोणताही लैंगिक अपराध झालेला नाही, म्हणून तेहेतिसावे कलम त्याचे नाही, छत्तिसावे त्याचे नाही, तीस दिवसांची मुदतही त्याची नाही. तो साध्या सत्र न्यायालयात साधा साक्षीदार म्हणून येतो. समोर आरोपी म्हणून जो उभा आहे तो त्याचा बाप. व्हरांड्यात आजी उभी आहे, ती बापाची आई. आणि सायंकाळी त्यास भाकरी तिच्याच हातची खावयाची आहे! या पोराने खरे बोलावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? २०२२च्या आदेशाने दुर्बल साक्षीदाराच्या व्याख्येत हे मूल येते, हे खरे. परंतु आदेशातील व्याख्येत येणे निराळे आणि संसदेच्या कायद्याने हक्क मिळणे निराळे. १९७३च्या संहितेच्या जागी २०२३ साली नवी संहिता आली, तेव्हा एका कलमाने हे साधता आले असते: अठरा वर्षांखालील प्रत्येक साक्षीदारास, खटला कोणताही असो, पॉक्सोतील तेहेतीस ते अडतीस ही कलमे लागू. ती संधी दवडली गेली. नावे बदलली, आकडे बदलले, पोराचा बाक तोच राहिला.

यावर काही वकील मंडळी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, की आरोपी हाही मनुष्य आहे. त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मुलांस पढविता येते. उलटतपासणी हेच खोटे उघडे पाडण्याचे एकमेव शस्त्र आहे. मुलांस पढविता येते हे आम्हांस मान्य आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळील एका बालवाडीच्या मॅकमार्टिन खटल्यात १९८३पासून तपास चालला. चौकशी करणाऱ्यांनी मुलांस असे सूचक प्रश्न विचारले की मुले अशक्य कोटीतील गोष्टी सांगू लागली. १९९०मध्ये तो खटला कोणासही दोषी न ठरविता संपला. दरम्यान आरोपींची आयुष्ये उद्ध्वस्त झाली. परंतु त्या प्रकरणाचा बोध काय? मुले घाबरविली की खोटे सोडून खरे बोलतात, हा? मुळीच नव्हे. पहिल्या चौकशीत मूल ज्याच्या हाती पडले तो माणूस अडाणी असेल तर सत्य तेथेच मरते, आणि मग कोणतीही उलटतपासणी ते जिवंत करू शकत नाही, हा. मुलास संरक्षण देणे म्हणजे त्याच्या प्रत्येक शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणे नव्हे. त्याचा शब्द न्यायालयापुढे न चुरगळता पोहोचविणे एवढाच त्याचा अर्थ. आरोपी निर्दोष असेल तर त्यासही असाच शब्द हवा आहे. घाबरलेले मूल समोरच्या मोठ्या माणसास काय ऐकावयाचे आहे ते ओळखून तेच बोलते, आणि तो मोठा माणूस सरकारी बाजूचा असला तर ते ‘हो’ आरोपीच्याच गळ्यास फास लावते. बचावाच्या वकिलांनी याचा विचार करावा.

अन्य देशांनी या कोड्याची उत्तरे शोधली आहेत. इस्राएलने १९५५ सालीच असा कायदा केला की अशा खटल्यात लहान मुलाची चौकशी प्रशिक्षित अधिकारी करील आणि आवश्यक तर मुलाच्या जागी तोच न्यायालयात साक्ष देईल. आइसलंडने १९९८पासून एक ‘बालगृह’ चालविले आहे. तेथे पोलीस, वैद्य, वकील आणि न्यायाधीश मुलाकडे येतात. मुलास सर्वांच्या दारी हिंडावे लागत नाही. इंग्लंडच्या १९९९च्या कायद्याने उलटतपासणीसुद्धा खटल्याआधीच, प्रसंग ताजा असता, चित्रमुद्रित करण्याची तरतूद केली. काळ्या डगल्याची आणि उलटतपासणीची विद्या ज्या इंग्रजाकडून आपण शिकलो त्याने आपला धडा सुधारला. आपण मात्र त्याचा जुनाच धडा घोकीत बसलो आहोत.

सीमाभागातील वाचकांच्या अगदी दारातला प्रश्न मात्र निराळा आहे, आणि तो भाषेचा आहे. कोणी म्हणेल, आले हे आपल्या मूळ पदावर! असो. ज्या गावात मूल एका भाषेत रडते आणि न्यायालय दुसऱ्या भाषेत लिहिते, त्या गावात साक्षीचा प्रश्न भाषेवाचून मांडताच येत नाही. बेळगाव, खानापूर वा निपाणीच्या मराठी घरातील सात वर्षांचे मूल न्यायालयात मराठीत बोलते. न्यायाधीश ते ऐकतात किंवा दुभाषाकडून समजून घेतात, आणि कन्नडात अथवा इंग्रजीत लघुलेखकास सांगतात. पुढे अपिलात जे वाचले जाते ते हे तिसऱ्या माणसाचे वाक्य. मुलाचे वाक्य हवेत विरलेले असते.

मूल म्हणते, “बाबांनी आईला मारलं.” मराठीत मारणे म्हणजे चापट मारणेही होते आणि जीव घेणेही होते. आपण ते स्वरावरून, संदर्भावरून ओळखतो. कन्नडात मारहाणीस ‘होडे’ आणि ठार करण्यास ‘कोल्लु’ असे दोन सर्वस्वी भिन्न शब्द, इंग्रजीतही तसेच. दुभाषाने एक निवडला की खुनाची मारहाण किंवा मारहाणीचा खून झाला! मूल म्हणते, “परवा तो काका आला होता.” मराठी मुलाचा परवा हा पंचांगातला दिवस नव्हे. कालच्या आधीचा दिवसही परवा, मागल्या आठवड्यातला दिवसही परवा, आणि येणारा दिवसही परवाच. कागदावर मात्र त्याचा कालच्या आधीचा दिवस होतो, तारीख जुळत नाही, आणि मूल खोटे ठरते. ‘काका’ची गत याहून वाईट. मराठी घरात काका निराळा, मामा निराळा, आणि शेजारच्या परक्या पुरुषासही मूल काकाच म्हणते. इंग्रजी कागदावर हे सगळे ‘अंकल’ होतात. मग वकील विचारतो, “तुझ्या अंकलनी तर तुला शाळेत सोडले होते ना?” आणि सोडणारा मामा असतो.

सर्वांत घातकी तो नकारात्मक प्रश्न. “तू तेव्हा तिथे नव्हतासच ना?” मराठी मूल म्हणते, “हो.” म्हणजे काय? ‘हो, नव्हतो’ की ‘हो, होतो’? मराठी माणूस मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून सांगेल. कागदास चेहरा नसतो. आणि हे तर एकच वाक्य झाले. तीन उपवाक्ये एकात गुंफून, शेवटी ‘हे खरे की नाही?’ असे शेपूट लावून विचारलेल्या प्रश्नास काय उत्तर द्यावे, हे विचारणाऱ्या वकिलासही सांगता येणार नाही.

कायद्यास याची जाणीव नव्हती असे नाही. मुलाची तक्रार त्यास समजेल अशा सोप्या भाषेत लिहून घ्यावी, आणि ती त्यास न कळणाऱ्या भाषेत लिहिली जात असेल तर त्यास भाषांतरकार वा दुभाषा द्यावा, असे पॉक्सोचे एकोणिसावे कलम सांगते. साक्षीच्या वेळीही दुभाषाचे साहाय्य घेण्याची तरतूद अडतिसाव्या कलमात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे २७७वे कलम तर असे होते की साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून निराळ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्याच्याच भाषेत साक्ष लिहून घ्यावी. शक्य नसेल तर बोलणे चालू असतानाच खरे भाषांतर तयार करावे, असेही तेच कलम सांगत होते; आणि त्यास न कळणाऱ्या भाषेतील नोंद त्यास समजावून सांगावी, असे २७८वे कलम म्हणत होते. नव्या संहितेतही या तरतुदी कायम आहेत. आमची मागणी याहून अधिक नाही: मुलाचे मूळ मराठी शब्द, जसे उच्चारले तसे, नोंदीत उतरावेत, भाषांतर त्यांच्या शेजारी बसावे, त्यांच्या जागी नव्हे. चित्रमुद्रणाची सोय असेल तेथे आवाजही जपावा. उद्या अपिलात वाद झाला तर न्यायमूर्तींस मुलाचे स्वतःचे वाक्य दिसले पाहिजे.

आणि हे लिहिताना आम्ही सीमेच्या एकाच बाजूस उभे राहून लिहीत नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड घरे पुष्कळ आहेत. तेथले मूल ‘मोन्ने’ म्हणते तेव्हा त्याचाही अर्थ काटेकोर कालच्या आधीचा दिवस नसतो. आपल्या परव्यासारखाच तो सैल असतो. महाराष्ट्रातील न्यायालय त्या मुलास मराठीत दटावीत असेल तर तो तितकाच अन्याय आहे, आणि बेळगावच्या मराठी मुलासाठी जो न्याय आम्ही मागतो तोच सांगली-सोलापूरच्या कन्नड मुलास मिळावा, असे आम्ही कोणताही आडपडदा न ठेवता म्हणतो. राज्ये भांडतील, दावे चालतील. पोराच्या जबाबावर त्याची सावली पडता कामा नये.

सरकारवर आणि न्यायालयावर आसूड ओढणे सोपे असते. आपल्या गल्लीकडे पाहावयास धैर्य लागते. मूल साक्ष देऊन परत आले की ओट्यावर बसून ‘काय काय विचारले?’ म्हणून खोदून विचारणारे कोण? आपणच. ‘पोरीचे लग्न व्हायचे आहे, कशाला हा बभ्रा’ म्हणून पंचांस बसवून प्रकरण मिटवू पाहणारे कोण? आपणच. अपराध कळूनही न कळविणे हा पॉक्सोच्या एकविसाव्या कलमान्वये गुन्हा आहे. परंतु आपल्या दृष्टीने तो शहाणपणा! आणि वृत्तपत्रे? बालकाचे नाव छापावयाचे नाही हे आम्हांस ठाऊक असते. म्हणून नाव न छापता गल्ली छापतात, शाळा छापतात, इयत्ता छापतात, बापाचा धंदा छापतात, आणि नाव सोडून सर्व सांगितल्याचे समाधान मानतात. तेविसावे कलम नावापुरते नाही. ओळख पटेल असे काहीही छापण्यास ते बंदी करते, आणि त्यास निदान सहा महिन्यांची कैद किंवा दंड सांगितला आहे. आमच्या व्यवसायबंधूंनी, आणि आम्हीही, हे कलम टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

गोव्याचे उदाहरण जवळचे आहे. मडगावात अनाथ मुलांचा आश्रयदाता म्हणून मिरविणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली त्यास जन्मठेप झाली. वर्षानुवर्षे त्याच्या घरात काय चालले होते हे गाव कुजबुजत नव्हता काय? शिक्षा झाली ती मुलांच्या तोंडून सत्य बाहेर आले म्हणून. आणि त्यासाठी पाच वर्षे जावी लागली. पुढे २००३ साली गोव्याने स्वतःचा बालक कायदा केला, स्वतंत्र बालन्यायालयाची तरतूद केली. पॉक्सोच्या नऊ वर्षे आधी, आणि तीही दोनच जिल्ह्यांच्या राज्याने! लहान राज्यास जे सुचले ते मोठ्या राज्यांस सुचू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही, खेद वाटतो.

आता कामाचे. पॉक्सोच्या २०२०च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यातील बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, भाषांतरकार, तज्ज्ञ आणि मुलाच्या सोबत राहणाऱ्या आधारव्यक्ती यांची नोंदवही ठेवावयाची आहे. त्या कामाचे मानधन सरकारने द्यावयाचे आहे. दुभाषास मोठी पदवी लागत नाही. मुलाची भाषा आणि राज्याची भाषा या दोन्हींचा व्यवहारापुरता परिचय हवा; आणि तो मातृभाषेमुळे असो, प्राथमिक शाळेच्या माध्यमामुळे असो, व्यवसायामुळे असो की ती भाषा बोलली जाते त्या भागात राहिल्यामुळे असो, नियमास चालतो. सीमाभागात असा मनुष्य शोधावयास दूर जावयास नको. आपल्या मराठी शाळांतले निवृत्त गुरुजी आणि बाई, ज्यांनी तीस तीस वर्षे कन्नड अधिकाऱ्यांशी कन्नडात पत्रव्यवहार केला आणि वर्गात मराठीत शिकविले, त्यांच्याहून योग्य दुभाषा कोणता? घाबरलेल्या मुलास कसे बोलते करावे, हे ज्यांस जन्मभर करावे लागले तेच हे लोक. त्यांनी येत्या आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन ही नोंदवही पाहावयास मागावी. तीत मराठी दुभाषांची नावे किती ते मोजावे आणि आपले नाव घालण्याचा अर्ज तेथेच द्यावा, पोच घेऊन. अर्ज घेण्यास कोणी नकार दिला तर त्या नकाराची तारीख आणि खिडकीचा क्रमांक आम्हांस कळवावा. वकील संघाच्या सभासदांनी आपल्या न्यायालयात पडदा आहे की नाही हे पुढील तारखेस पाहावे, आणि नसल्यास मूल साक्षीस येण्यापूर्वीच तसा लेखी अर्ज न्यायाधीशांकडे द्यावा. पाच वार कापडाचा खर्च या पत्राचे वाचक आनंदाने उचलतील, असेही त्या अर्जात लिहिण्यास आमची हरकत नाही.